पंच्याऐंशीचा हिशेब

भगीरथने जुनी गाडी घेतली, इथवर ठीक होतं. शहापूरला जाऊन तिला नवे टायर बसवले, तेही ठीक. पण टायरवाल्या रोशनला "हे आकडे कसले रे?" असं विचारायला नको होतं. (आणि विचारलंच, तर उत्तर पुरतं ऐकायला हवं होतं.)

टायरवर छापलं होतं १६५/८० आर १४, आणि पुढे ८५ टी. रोशन म्हणाला, "एकशे पासष्ट मिलिमीटर रुंदी. ऐंशी म्हणजे उंची रुंदीच्या ऐंशी टक्के. चौदा इंची रिम. पंच्याऐंशी म्हणजे लोड, साहेब..." तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. भगीरथ ग्रामपंचायतीत क्लार्क. अर्धवट ऐकून पूर्ण समजल्यासारखी मान हलवायची त्याची वीस वर्षांची सवय. पंच्याऐंशी किलो एका टायरला, चार टायरांना तीनशे चाळीस. हिशेब संपला.

म्हसा गावच्या जत्रेला सासुरवाडीच्या मंडळींना गाडीतून न्यायचं कबूल केलं होतं. सासूबाई धोंडूबाईंना नवसाचा नारळ फोडायचा होता, आणि "औंदा जावयाच्या गाडीनं जानार" हे साऱ्या पाड्यात सांगून झालं होतं. सासुरवाडीला, डोळखांबला पोचताच भगीरथने सगळ्यांना भाताच्या गिरणीवर नेलं आणि पोती मोजायच्या काट्यावर एकेकाला उभं केलं.

"अहो, जत्रेला नेताय का मला विकायला?" रुपाली फणकारली. तिचा आकडा गिरणीवाल्याने मोठ्याने वाचला तेव्हा तिने नवऱ्याकडे असं पाहिलं, की आज रात्री जेवण मिळणार नाही हे भगीरथ समजून चुकला.

सासरे देवराम अठ्ठावन्न. सासूबाई चौसष्ट. रुपाली एकसष्ट. मेहुणा चंदर सत्तर. शेवटी स्वतः जावई, ब्याण्णव.

"तीनशे पंचेचाळीस! पाच किलो जास्त," भगीरथ गंभीर झाला. "टायर फुटेल. नियम आहे."

चपला काढून झाल्या, भाकऱ्यांचं गाठोडं उतरवून झालं. आकडा काही तीनशे चाळीसवर येईना. धोंडूबाई नारळ पोटाशी धरून काट्यावरून बाजूला झाल्या.

"मी ऱ्हाते. तुमी जा रे. नारळ तेवढा माज्या नावानं फोडा."

त्यांचा उतरलेला चेहरा बघून भगीरथला फार वाईट वाटलं. त्याने छाती पुढे काढली. "छे छे! मीच एसटीने येतो. गाडी चंदर चालवेल."

देवरामांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग लगबगीने पुढच्या सीटवर जाऊन बसले.

भगीरथला दीड तासाने एसटी मिळाली. तीही खचाखच. एका पायावर उभं राहून त्याने रोशनला फोन लावला.

"पंच्याऐंशी किलो? नाय ओ साहेब!" रोशन हसून हसून खोकायला लागला. "तो कोड आहे. पंच्याऐंशी नंबर म्हणजे एका टायरवर पाचशे पंधरा किलो. अख्खं गाव भरा तुमी!"

जत्रेत मंडळी भेटली तेव्हा नारळ फुटला होता आणि धोंडूबाईंचा चेहरा फुलला होता. भगीरथने खाली मान घालून चूक सांगितली.

"ते मला काट्याजवलच कलला," देवराम शांतपणे म्हणाले. "नुसती गाडीच आठशे किलोची आसंल. ती काय हवेत तरंगते?"

"मग तेव्हाच बोलला का नाही?"

"जावयाला चार मान्सांत चुकला कसा म्हनायचा, जावयबापू? आपल्यात तशी रीत नाय." त्यांनी समाधानाने पाय चोळले. "आन् तुमी नवता तर पाय लांब करून बसाया मिललं."

"बरं, आता निघू. आता सगळे मावतो," म्हणत भगीरथने गाडीचं दार उघडलं. मागे त्याच्यासाठी उरलेल्या जागेवर जत्रेत घेतलेल्या आठ घोंगड्या, दोन पाटे आणि एक वरवंटा शेजारी शेजारी बसले होते.

"अहो, यांचं वजन करून घेतलंय," रुपाली गोड हसत म्हणाली. "बरोबर ब्याण्णव."

भगीरथ एसटीकडे वळला आणि तिच्या टायरवरचे आकडे न बघता मुकाट्याने आत चढला.