गुहेच्या दारातला फोटो

एका डोंगराळ जंगलात झिपरोजी अस्वलानं स्वतःचं वाटोळं स्वतःच करून घेतलं. मुलांनो, नाव आधीच सांगितलेलं बरं. मोठी मंडळी अशा वेळी 'काळच वाईट होता' म्हणून मोकळी होतात.

झिपरोजी जंगलातला सगळ्यांत वडीलधारा. कड्याच्या पोटात त्याची गुहा होती. पावसात कोरडी, उन्हात गार. म्हाताऱ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. पण आपला डोंगर बघायला सपाटीवरचं कुणी येत नाही, हे त्याला सलायचं.

त्यानं फोटो काढणारा बगळा बोलावला. कॅमेरा म्हणजे तीन पायांवरचं खोकं आणि वर काळं फडकं. फोटो उमटायला बराच वेळ लागे.

"जो हलेल तो उमटणार नाही," बगळा म्हणाला.

"मला शिकवतोस? तुझ्या बापाला उडायला मी शिकवलंय!"

माकडं श्वास रोखून बसली. झिपरोजी गुहेच्या दारात छाती काढून उभा राहिला. धबधब्यालाही त्यानं दम भरला. तो थांबेना. "आजकालचे धबधबे!" म्हणत झिपरोजीनं पाठ खाजवली. मग त्याला भाषण सुचलं. तेही त्यानं येरझाऱ्या घालत, हातवारे करत ठोकलं.

"आजोबा, हलू नका ना!" साळू साळिंदर ओरडली.

"गप गं! मोठ्यांच्या मध्ये बोलू नये."

फोटो धुऊन आला. माकडं ठसठशीत. कडा ठसठशीत. गुहेच्या दारात कुणीच नाही.

"आजोबा, तुम्ही यात नाहीच," साळू म्हणाली.

"नीट बघ. माझं तेज दिसतंय. वाटा हा फोटो गावोगाव!"

वाटला. महिन्याभरात वळकट्या घेऊन म्हशींचा जथा डोंगर चढून आला आणि थेट गुहेत शिरला.

"अहो बाई, हे माझं घर आहे!"

म्होरक्या म्हशीनं फोटो पुढे धरला. "यात तर रिकामी आहे. तुम्ही कोण, काका?"

"मी इथला मालक! सांगा रे माकडांनो, सांगा हिला!"

माकडं बोलली नाहीत. पाहुण्यांना डोंगर हुबेहूब फोटोतल्यासारखा दिसला पाहिजे, हलाल तर खबरदार, असा हुकूम झिपरोजीनं त्यांना सकाळीच दिला होता. त्यांनी साधी पापणीही लववली नाही.

म्हशींनी वळकट्या सोडल्या.

तात्पर्य: मोठ्यांची आज्ञा तंतोतंत पाळावी. झिपरोजीची सगळ्यांनी पाळली. त्याची गुहा गेली.