शंभर टक्के पोचलेली पाकिटं

रोसारिओ शहरातल्या विद्यापीठात आयेलेन इतुराल्देची प्रबंधाची तोंडी परीक्षा दहाला होती, आणि साडेनऊला पडद्यावर आकडा आला : शंभर टक्के.

प्रबंधाचा प्रश्न साधा होता. महागडं यंत्र न घेता साध्या संगणकातच माहितीला वाट दाखवणारे सॉफ्टवेअरचे चार आभासी राउटर बसवले, तर माहितीची किती पाकिटं वेळेत पलीकडे पोचतात? तीन वर्षं उत्तर साठ टक्क्यांच्या आसपास घुटमळत होतं. आज एकही पाकीट हरवलं नव्हतं.

"सर, मला शंका येतेय."

"शंका कसली? कष्टाचं चीज झालं, पोरी!" मार्गदर्शक बासुआल्दो सर व्हरांड्यात धावले आणि तिच्या आईला म्हणाले, "शंभरपैकी शंभर!"

पदवी मिळाली की पदवीधराला अंड्यांनी आणि मैद्याने न्हाऊ घालायचं, ही तिथली रीत. आई दोन डझन अंडी घेऊन आली होती. मैदा मावशीकडे होता. आयेलेन केबल आणायला बाहेर आली मात्र, दोघींचा नेम अचूक लागला.

"अगं, परीक्षा व्हायचीय अजून!"

"आता काय राहिलंय? सरांनीच सांगितलं की!" म्हणत मावशीने उरलेला मैदाही ओतला.

पापण्यांवरचा बलक पुसत तिने संगणक तपासला. चारही राउटर बंद होते. केबलच्या चाचणीसाठी काल तिने एक थेट वाट उघडली होती, ती बंद करायची राहिली होती. पाकिटं राउटरांना टाळून सुसाट पळत होती. तिने ते सरांना दाखवलं.

"गप्प बस," सर कुजबुजले. "नंतर बघू."

दहा वाजले. त्या वर्षी चौघांना नापास केलेल्या परीक्षक डॉ. सापिओला समोर येऊन बसल्या.

"आजचा शंभरचा आकडा खोटा आहे," आयेलेन म्हणाली. केसांतलं एक टरफल टेबलावर पडलं.

बाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "हे कोणी केलं?"

"घरच्यांनी."

"आणि आकडा?"

"तो मी. राउटर बंद होते आणि चाचणीची थेट वाट उघडी राहिली."

"ती वाट बंद कर. राउटर लाव. पुन्हा मोज."

पुन्हा मोजायला पंधरा मिनिटं लागली. एकसष्ट आले. बाईंनी तीन वर्षांचे तक्ते चाळले, आकडा ताडून पाहिला आणि सही केली.

बाहेर आई उभीच होती. "किती?"

"एकसष्ट. पास झाले."

आईचा चेहरा उतरला. "सकाळी शंभर होते ना गं? तासाभरात एकोणचाळीस घालवलेस? आत केलंस तरी काय?"

"राउटर चालू केले, आई."