बायकोच्या सायकलची टेस्ट

मी फक्त एवढंच म्हणालो होतो की, "तू तुझी ड्युटी बघ, सायकलचं मी बघतो." आता यात चुकीचं काय आहे, तुम्हीच सांगा. चांगला नवरा दुसरं काय म्हणेल? पण आमच्या घरात माझ्या तोंडून 'मी बघतो' बाहेर पडलं की सासूबाई हातातलं काम खाली ठेवतात आणि माझ्याकडे बघत बसतात.

त्याचं असं झालं, बायकोला रविवारी टेकडीमागच्या चिखलवाटेनं सायकलवरून थेट तळ्यापर्यंत जायचं होतं. बायको नर्स आहे. आठवडाभर दुसऱ्यांच्या नाड्या मोजते आणि सुटीच्या दिवशी स्वतःची वाढवायला सायकलवर बसते. जोडीला तिची थोरली बहीण, म्हणजे आम्हा सगळ्यांची ताई. मागच्या खेपेला ओढ्यापाशी बायकोचं चाक चिखलात रुतलं आणि तिला परत फिरावं लागलं. ताई मात्र पुढे गेली आणि तळ्याकाठून तिनं स्वतःचा फोटो पाठवला. बायकोनं तो बघितला, "छान आलाय" म्हणाली, आणि त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात भांडी जरा जोरातच आपटली.

ही धाकटी बहीण. लहानपणी ताईचे कपडे हिच्याकडे आले, ताईचं दप्तर हिच्याकडे आलं, शाळेत बाई हिला 'अमकीची बहीण' म्हणूनच ओळखायच्या. एकदा तरी ताईबरोबर पोचायचं, मागून नाही, एवढीच तिची इच्छा होती. ती तसं बोलत नसे, पण मला कळत होतं. आणि खरं सांगतो, तिला त्या तळ्याकाठी उभी असलेली बघायची माझीच जास्त इच्छा होती.

आता माझी लायकी सांगतो. सायकल मला चालवता येते, म्हणजे सरळ रस्ता असेल आणि समोरून कोणी येत नसेल तर. पण टेस्टिंगमध्ये माझा हात कोणी धरू शकत नाही. मी प्लास्टिकच्या बादल्या बनवणाऱ्या कंपनीत टेस्टिंग खात्यात आहे. बादली पाण्यानं काठोकाठ भरायची, उंचावरून टाकायची, आणि फुटली का ते बघायचं. नाही फुटली तर आणखी उंचावरून टाकायची. फुटेपर्यंत. (शाळेतले सर म्हणायचे, याच्या हातात दिलेली वस्तू धड राहणार नाही. कंपनी मला त्याचाच पगार देते.)

तर मी सायकलच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, "चिखलात चालणारे पार्ट्स द्या."

"चिखल कसला आहे?" दुकानदारानं विचारलं.

"चिखलासारखा चिखल."

"तसं नाही. चिकट आहे की पातळ?"

हे बायकोला विचारायला हवं होतं. पण 'मी बघतो' म्हटल्यावर विचारायचं कसं? मी म्हणालो, "असं करा, दोन्ही प्रकारचे द्या. मी टेस्ट करून ठरवतो."

"टेस्ट कुठे करणार?"

"घरी."

"घरी चिखल आहे?"

"करू की!"

त्यानं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि मग मुकाट्यानं पार्ट्स काढायला लागला. एक टायरची जोडी रुंद, अंगभर बारीक गाठी असलेली. दुसरी जरा निरुंद, पण गाठी उंच आणि एकमेकींपासून लांब लांब. ब्रेकचे पॅड दोन प्रकारचे, एक मऊ आणि एक धातूचे. खिळेवाले पेडल, कारण चिखलात बूट सटकतो. आणि एक मडगार्ड. सगळं एका खोक्यात घालून मी वरात काढल्यासारखा घरी आलो.

शनिवारी मला सुटी होती आणि बायको संध्याकाळपर्यंत ड्युटीवर. कितीतरी दिवस पाऊस नव्हता, अंगण खडखडीत कोरडं. मी नळाला पाइप जोडला, फावड्यानं माती उकरली आणि पाणी सोडलं. सासूबाई ओट्यावर खुर्ची टाकून पेपर वाचत होत्या. त्यांनी पाय वर घेतले.

"जावईबापू, हे काय चाललंय?"

"चिखल करतोय."

"का? आपल्याला कमी पडतोय?"

तेवढ्यात शेजारचे काका कुंपणापाशी आले. काका पाणीपुरवठा खात्यातून रिटायर झालेत. खात्यानं त्यांना निरोपाचा हार दिला, पण गल्लीतला व्हॉल्व्ह फिरवायची चावी परत मागायला विसरलं. जगात कुठेही ओलं दिसलं की ती गळती, अशी त्यांची समजूत आहे.

"पाइप फुटलाय तुमचा," काका म्हणाले.

"नाही काका, मीच पाणी सोडलंय."

"कशाला?"

"चिखल करायला."

"चिखल कशाला?"

"सायकलसाठी."

"सायकल धुताय होय?"

"नाही, माखतोय. धुवून झालीय."

काकांनी सासूबाईंकडे बघून हळूच विचारलं, "बरे आहेत ना हे?"

"लग्नात तरी बरे दिसले होते," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी पेपरचं पान उलटलं. काका मान हलवत निघून गेले. ते कुठे गेले याकडे मी तेव्हा लक्ष द्यायला हवं होतं.

टेस्ट करायची तर सायकल मोकळी हवी. म्हणून मी आधी स्टँड काढला, कॅरिअर काढलं, पुढची बास्केट काढली, घंटी, चेनचं कव्हर आणि जुनी मडगार्डंही काढली. स्क्रू हरवू नयेत म्हणून ते पायरीवर एका ताटलीत नीट ठेवले. (मी पद्धतशीर माणूस आहे.)

मग रुंद टायर चढवले, सायकलवर बसलो आणि अंगणात घुसलो. दोन पेडल मारले नाहीत तोच बारक्या गाठींमध्ये चिखल गच्च भरला, तो जाऊन फ्रेमला भिडला, आणि चाक जागच्या जागी थांबलं. सायकल थांबली, मी थांबलो नाही. मी पुढे जाऊन पायरीवर आपटलो आणि ताटली चिखलात गेली.

"लागलं का हो?" सासूबाई घाईघाईनं उठल्या.

"नाही. हे टायर नापास."

"टायरचं नाही विचारलं मी."

नंतर उंच गाठींचे टायर. काय सांगू तुम्हाला! चाक फिरायचं आणि चिखल आपोआप सुटून लांब उडायचा. सासूबाईंच्या पेपरवर उडाला, दोरीवर वाळत घातलेल्या बायकोच्या पांढऱ्या युनिफॉर्मवर उडाला, एक गोळा तर खिडकीतून आत जाऊन कपाटाच्या आरशावर बसला. मला इतका आनंद झाला की मी ओरडलोच, "पास!"

आता इथे बाहेरचा कुणी असता तर थांबला असता. पण आमच्या खात्यात पास म्हणजे पुढची टेस्ट. चिखलात हवा कमी ठेवली की पकड वाढते, असं दुकानदार म्हणाला होता. किती कमी, हे त्यानं सांगितलं नव्हतं. मी थोडी हवा सोडली, पायरीवरून सायकल उतरवली, ठीक. आणखी सोडली, ठीक. आणखी सोडली, आणि पायरीच्या कडेवर रिम दाणकन आदळलं. मागच्या टायरची कड फाटली, ट्यूब गेली. तेच पुढच्या टायरवर करून पाहिलं, कारण एका नमुन्यावरून निष्कर्ष काढणं आमच्याकडे चालत नाही. तोही फाटला. मी समाधानानं मान डोलावली. मर्यादा कळली होती.

मग ब्रेक. सायकल उलटी केली, ब्रेक ज्या चकतीला पकडतात त्या डिस्कवर वाळू घातलेला चिखल ओतला, मी हातानं पेडल गरगरा फिरवत राहिलो आणि सासूबाईंना ब्रेकची मूठ दाबायला बसवलं. "माझ्या मुलीसाठी करतेय," त्या म्हणाल्या, "तुमच्यासाठी नाही." पण नंतर त्यांनाही रंगत आली. मऊ पॅड बघता बघता झिजून गेले. धातूचे खूप टिकले, पण आम्ही दोघं त्यांच्यापेक्षा जास्त टिकलो. पेडलचे खिळे किती पकड धरतात हे माझ्या नडगीवर सिद्ध झालं. मग ते किती दणके सोसतात हे बघायला पेडल दगडावर आपटले आणि एकाचा आस वाकला. राहिलं मडगार्ड. ते मी गच्चीवर नेलं, चिखलानं भरलं (आम्ही बादलीही भरूनच टाकतो) आणि खाली सोडलं. जमिनीला टेकेपर्यंत ते एकदम उत्तम होतं.

"झाली एकदाची परीक्षा?" सासूबाईंनी विचारलं.

"झाली! उंच गाठींचे टायर, धातूचे पॅड, खिळेवाले पेडल. सगळे पास."

"मग बसवा की."

"हो, बसवतो."

मी टायर उचलला. माझी तीन बोटं फाटीतून पलीकडे गेली. पॅड तर नखाएवढेही उरले नव्हते. आमच्या कंपनीत टेस्ट झालेली बादली भंगारात जाते. जाऊ दे, गोदामात तसल्याच हजारो असतात. मी खोक्यात हात घालून पाहिला. खोकं रिकामं होतं.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, त्या मापाचे तेवढेच होते, नवा माल पुढच्या आठवड्यात. मी म्हटलं, निदान जुने भाग तरी बसवू, तर स्क्रू चिखलात. चिखल धुऊन स्क्रू शोधू म्हटलं, तर नळातून नुसती हवा. काकांनी गळती थांबवण्यासाठी अख्ख्या गल्लीचा व्हॉल्व्ह बंद केला होता. मी पायरीवर बसलो. अंगावरचा चिखल वाळायला लागला होता आणि हसायचं म्हटलं तरी गाल ताणत होते. तसं हसण्यासारखं काही नव्हतंच.

बायको फाटकातून आत आली आणि उभी राहिली. अंगण पाहिलं, युनिफॉर्म पाहिला, उलटी पडलेली सायकल पाहिली. आईला पाहिलं, सासूबाईंच्या हाताला कोपरापर्यंत चिखल होता. मग माझ्याकडे पाहिलं.

"उद्या सकाळी जायचंय," ती म्हणाली. आवाज चढला असता तर बरं वाटलं असतं, पण तिचा आवाज उतरला होता. दिवसभर वॉर्डात उभी राहून आलेली माझी बायको, आणि तिला हवी असलेली एकच गोष्ट मी अंगणात पालथी घालून ठेवली होती. मला इतकं वाईट वाटलं की सगळं खरं सांगून टाकलं: पास झालेले टायर, फाटलेले टायर, मडगार्डची गच्ची, सगळं. शेवटी म्हणालो, "तू तळ्यावर पोचावंस म्हणून केलं गं."

ती माझ्या शेजारी पायरीवर बसली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. मी घाबरून सासूबाईंकडे पाहिलं, तर त्याही तोंडाला पदर लावून हलत होत्या. दोघी हसत होत्या.

"मडगार्ड," बायको डोळे पुसत म्हणाली, "भरून टाकलंस?"

"रिकामं टाकलं तर टेस्ट ग्राह्य धरत नाहीत."

मग ती उठली, काकांकडे गेली, त्यांचं ब्लडप्रेशर मोजून आली, आणि पाणी सुरू झालं. पाण्याबरोबर चिखल गटारात गेला आणि स्क्रूही गेले. आम्ही दोघांनी मिळून जुने टायर जुन्या ट्यूबसकट, जुने पॅड आणि जुने पेडल परत चढवले. ती सांगत होती आणि मी पाना धरून होतो. (नुसता धरून. फिरवत ती होती.) बाकी काही बसवता आलं नाही.

"जाऊ दे," ती म्हणाली, "अशीच नेते."

रविवारी ती गेल्यापासून मी घरात नुसता येरझारा घालत होतो. तिकडे रात्री पाऊस झाल्याचं कळलं, म्हणजे चिखल भरपूर असणार. जुन्याच टायरवर ती पुन्हा रुतणार आणि पुन्हा एकटी परत फिरणार, हे मला डोळ्यांपुढे दिसत होतं. दुपार कलली तेव्हा फाटक वाजलं. केसांपासून बुटांपर्यंत चिखल, आणि त्यातून दिसणारे दात.

"पोचलीस?"

"पोचले!"

तिनं फोटो दाखवला. मागे तळं, पुढे माझी बायको, आणि तिच्या खांद्याआडून अर्धीच दिसणारी ताई. माझे डोळे भरून आले, आणि ते लपवायचंही मला सुचलं नाही.

"हवा कमी ठेवली होतीस ना?" मी घसा खाकरून विचारलं. "त्याचाच उपयोग झाला असेल."

"छे रे. ओढ्यापाशी चाक रुतलंच. दोघींचंही."

"मग?"

"मग काय, सायकल खांद्यावर घेतली आणि चालत गेले पलीकडे. ना स्टँड, ना कॅरिअर, ना बास्केट, इतकी हलकी झालीय! ताईच्या सायकलला भाऊजींनी काय काय लावून ठेवलंय, तिला जागची हलवता येईना. मग मी परत मागे आले आणि दोघींनी मिळून तिची नेली."

"म्हणजे," मी सावकाश म्हणालो, "हे माझ्यामुळेच झालं."

"तुझ्यामुळेच," ती म्हणाली, आणि चिखलाचा हात माझ्या गालावर ठेवला. "ताईलाही पटलंय. पुढच्या शनिवारी ती तिची सायकल तुझ्याकडे पाठवणार आहे."

माझी छाती फुगली. साडूंनी स्वतः निवडलेले पार्ट्स, आणि ते सोडून माझ्याकडे! मी तिथल्या तिथे विचार करायला लागलो. "पाठवू दे. तिला धातूचेच पॅड बसवू. आणि टायर मात्र..."

"बसवायचं काही नाही," बायको बूट काढत म्हणाली. "ताईनं बजावून सांगितलंय. तुला फक्त दुपारभर सायकलपाशी एकटं सोडायचं, निम्मी आपोआप गळून पडेल."