डावीकडे घसरणाऱ्या स्टुलाचं प्रकरण

भिंगरावांनी स्वतःचा परिचय छापायला द्यायचं ठरवलं, तेव्हा तो लिहून घ्यायचं काम अर्थातच बहिणीच्या गळ्यात पडलं.

"लिही," डोळे मिटून ते म्हणाले. "ज्यांच्या नजरेतून मुंगीचं लंगडणंही सुटत नाही, ज्यांना पाहून गुन्हेगार आधी कबुली देतात आणि मग गुन्हा करतात, असे सूक्ष्मदर्शी, दूरदर्शी आणि पारदर्शी गुप्तहेर."

"पारदर्शी म्हणजे ज्याच्या आरपार दिसतं तो," बहीण म्हणाली. "तुझ्या आरपार काही दिसत नाही, दादा. मागचं कपाटसुद्धा नाही."

भिंगराव हे काही पाळण्यातलं नाव नव्हे. चष्म्याच्या दुकानामुळे लोकांनी ते चिकटवलं आणि ओघानेच बहिणीची भिंगरी झाली. दुकानाच्या पुढच्या भागात चष्मे मिळत, पडद्यामागे न्याय. पुढचा भाग भिंगरी सांभाळायची: नंबर तपासणं, काचा घासणं, गिऱ्हाइकाला 'शोभतोय हं' म्हणणं. मागचा भाग भिंगराव सांभाळायचे, आणि तिथून जे काही बाहेर सांडेल ते पुसायला पुन्हा भिंगरीच. आजवर त्यांनी चौदा प्रकरणं हाताळली होती. नऊ आपोआप मिटली, चार तक्रारदारांनी घाबरून मागे घेतली, आणि हरवलेल्या छत्रीच्या प्रकरणात छत्री भिंगरावांच्याच हातात सापडली. त्यांच्या मते हा तपासाच्या वेगाचा उच्चांक होता.

परिचय 'पारदर्शी'पाशी अडलेला असतानाच मीटरवाले आत आले. ते पाणीखात्यात मीटर वाचायचे. दशांशचिन्हालाही इजा होऊ नये अशा बेताने बोलणारा माणूस. त्यांनी काखेतून एक लाकडी स्टूल काढून काउंटरवर ठेवलं. पाय नाहीत, खिळे नाहीत. जाडजूड ओंडक्याचा हातभर उंच तुकडा, एवढंच. भिंगरीने सहज त्यावर चष्म्याचं घर ठेवलं. ते अतिशय शांतपणे डावीकडे घसरत गेलं आणि खाली पडलं.

"मुलंही अशीच पडतील," मीटरवाले म्हणाले, आणि खुर्चीत बसून सगळं सांगू लागले.

त्यांची बायको बालवाडी चालवायची. सोमवारपर्यंत तिला बारा स्टुलं हवी होती. मीटरवाल्यांनी छाती ठोकून ती कबूल केली होती, कारण त्यांच्याकडे चेनसॉ, म्हणजे साखळीने लाकूड कापणारी मशिनं होती. एक नव्हे, तीन. पहिलं थोरलं, पेट्रोलवर चालणारं, मोठ्या लाकडासाठी. मग मधलं, कारण थोरलं जड पडायचं. मग बॅटरीवरचं धाकटं, कारण आधीच्या दोघांचा आवाज फार. प्रत्येक वेळी ते 'नुसतं बघायला' दुकानात गेले होते आणि प्रत्येक वेळी बघणं अंगाशी आलं होतं. वजन किती, पातं किती लांब, हाताला थरथर किती, थंडीत सुरू करायला दोरी कितीदा ओढावी लागते, याच्या त्यांनी चार वह्या भरल्या होत्या. अंगणात झाड म्हणाल तर कुंडीतली कोरफड. ओंडके वखारीतून आणावे लागत.

बायकोने पाच वर्षं सहन केलं. पण तिन्ही मशिनं मिळून एक सरळ स्टूल देईनात, तेव्हा तिने निकाल लावला. आज संध्याकाळी पाचपर्यंत एक तरी स्टूल सरळ झालं पाहिजे. नाही तर पाच वाजता तिचा भाऊ टेम्पो घेऊन येईल आणि तिन्ही मशिनं घेऊन जाईल.

"भाऊ म्हणजे परका नाही," भिंगरी म्हणाली.

मीटरवाल्यांचा आवाज चिरकला. "तो साखळीला तळणीचं उरलेलं तेल घालतो हो."

यावर भिंगराव उठले, भिंग खिशात टाकलं, नंबर तपासायची चौकट बगलेत मारली आणि म्हणाले की यात काहीतरी वाकडं आहे. भिंगरीने स्टुलाकडे बघून मान डोलावली. अंश मोजायचं साधन पिशवीत घातलं, दुकानाला कुलूप लावलं आणि निघाली.

घरी बालवाडीच्या बाई ओसरीवर बसून पुठ्ठ्याचे ससे कापत होत्या. त्यांनी पाहुण्यांना पाणी दिलं आणि घड्याळ समोर आणून ठेवलं. अंगणात तिन्ही मशिनं धुऊनपुसून ओळीने मांडलेली होती. भिंगरावांनी त्यांना 'संशयित' म्हणताच मीटरवाल्यांचा चेहरा असा पडला, की भिंगरावांनी घाईने 'साक्षीदार' केलं.

पहिला निष्कर्ष पाच मिनिटांत निघाला. नाचता येईना अंगण वाकडं असं लोक चेष्टेने म्हणतात. भिंगरावांनी ते शास्त्र म्हणून घेतलं. अंगण वाकडं, म्हणून ओंडका वाकडा, म्हणून काप वाकडा. भिंगरीने फरशीवर गोटी सोडली. ती उजवीकडे गेली. स्टूल डावीकडे उतरत होतं.

"म्हणजे अंगण गुन्हेगाराच्या विरोधात आहे," भिंगराव म्हणाले. "चांगला साक्षीदार."

दुसऱ्या निष्कर्षात घराण्याच्या धंद्याचा मान होता. दोष मीटरवाल्यांच्या डोळ्यांत. भिंगरावांनी त्यांच्या नाकावर नंबर तपासायची जड चौकट चढवली, काचा बदलत बदलत त्यांना ओंडके एकाचे दोन दिसेपर्यंत आणलं आणि म्हणाले, आता कापा. भिंगरीने ती चौकट तत्काळ उतरवली. दोन ओंडके दिसणाऱ्या माणसाच्या हातात फिरती साखळी द्यायची नसते, एवढं तिला कुठल्याही परिचयपत्राशिवाय कळत होतं. ती म्हणाली की डोळ्यांची शंका असेल तर दुसऱ्या डोळ्यांनी कापून बघावं. तिचे डोळे तिनेच तपासलेले होते.

मीटरवाले हरखले. मशीन दुसऱ्याला द्यायचं म्हणजे आधी त्याला नटवणं आलं. जाड विजार, बूट, हातमोजे, जाळीची टोपी, कानांवर टोपणं. भिंगरीने आरशात पाहिलं असतं तर स्वतःला ओळखलं नसतं. मग त्यांनी तिला मधल्याची दोरी कशी ओढायची ते दाखवलं. पातं ओंडक्यात शिरलं, पिवळा भुसा कारंज्यासारखा उडाला, आणि दहा वर्षं काउंटरमागे 'शोभतोय हं' म्हणणाऱ्या भिंगरीच्या तोंडून टोपीच्या आत एक किंकाळी निघाली. ती आनंदाची होती. आवाजात कुणाला ऐकू गेली नाही, हे बरंच झालं.

काप नऊ अंशांनी डावीकडे.

तिने ओंडका उलटा फिरवून पुन्हा कापलं. डावीकडे. थोरल्याने कापलं. डावीकडे, साडेनऊ. धाकट्याने कापलं. डावीकडे, आठ. खरं म्हणजे एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती, पण शास्त्रात पडताळा महत्त्वाचा, असं म्हणत तिने आणखी दोनदा कापलं.

तोवर भिंगराव तिसऱ्या निष्कर्षावर होते. पृथ्वी फिरते. फिरणाऱ्या पृथ्वीवर सरळ निघालेली वस्तू बाजूला वळते. म्हणून चेनसॉ वळतं. गुन्हेगार पृथ्वी.

"मग कात्रीने कापलेला पुठ्ठ्याचा ससा का वळत नाही?" ओसरीवरून बाईंनी विचारलं.

भिंगराव म्हणाले, ससा चपळ असतो.

चार वाजले. मीटरवाले हळूहळू पांढरे पडू लागले. आता भिंगरावांनी हुकमाचं पान काढलं. तिन्ही मशिनं बिघडून फायदा कुणाचा? मेहुण्याचा. त्यांनी मेहुण्याला फोन लावला आणि आवाज जाड करून विचारलं की गेल्या महिन्यात तुम्ही कुठे होता. मेहुण्याने सांगितलं, आपल्या घरी. दाजींनी आपल्याला त्या मशिनांच्या दहा फुटांच्या आत कधी फिरकू दिलेलं नाही, एकदा नुसता बघायला वाकलो तर दाजींनी मध्ये छत्री उघडली होती. मग त्यानेच उत्साहाने विचारलं, की टेम्पोत खाली गोणपाट घालू ना, आणि त्या मोठ्याला मोहरीचं तेल चालेल का.

मीटरवाले कुंडीच्या कडेवर बसले.

भिंगरी मात्र वहीत काहीतरी मांडत होती. तीन मशिनं, ओंडक्याच्या दोन बाजू, दोन माणसं. सगळं बदललं तरी काप डावीकडेच. म्हणजे जे एकदाही बदललं नाही त्यातच गोम असणार. तिने विचारलं, तिन्हींमध्ये सारखं काय? भिंगराव म्हणाले, दुर्दैव. मीटरवाले म्हणाले, माझं प्रेम. ती चिडली, पण मीटरवाले खरं बोलत होते हे तिला अजून कळायचं होतं.

साडेचारला मीटरवाले उठले. थोरलं मशीन उचललं आणि मागच्या खोलीकडे निघाले. भिंगरावांना वाटलं, पळून चालले. तसं नव्हतं. सासरी पाठवताना निदान दात घासून पाठवतो, असं ते पुटपुटले. साखळीला बारीक दात असतात, एक डावीकडे तोंड केलेला, पुढचा उजवीकडे, असे आळीपाळीने. लाकूड कापून ते बोथटतात. मग गोल कानस घेऊन एकेक दात घासायचा. मीटरवाले रोज संध्याकाळी घासायचे, कापलं नसलं तरी.

टेम्पोत मशिनं किती जागा खातील ते बघायला बाईही मागोमाग गेल्या, आणि त्यांच्या मागे भिंगराव आणि भिंगरी. पाच वर्षांत त्या या खोलीत पहिल्यांदाच आल्या होत्या. अरुंद खोली, भिंतीला चिकटवून ठेवलेलं टेबल, टेबलावर कायमचा ठोकलेला शिकंजा. मीटरवाल्यांनी त्यात पातं आवळलं, खुर्चीवर बसले आणि कानस चालवू लागले. डाव्या तोंडाचे दात. सर्र, सर्र, सर्र. प्रत्येक दाताला पाच वेळा, मोजून, एखाद्या बाळाचं नाक पुसावं तसं. उजव्या तोंडाच्या दातांसाठी पलीकडून कानस मारायला हवी होती. पलीकडे भिंत होती. तेव्हा ते अर्धवट उठले, पालथे झाले, मनगट मुरडून कानस कशीबशी टेकवली, खर्र करून एकेकदा ओढली आणि समाधानाने खाली बसले.

बाई बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिकडचे?"

"झाले की."

"हे झाले? लहानपणी आमची आई भिंतीला टेकवून आंघोळ घालायची. आम्हा पाचही भावंडांचा भिंतीकडचा कान काळा."

भिंगरीने भिंगरावांच्या खिशातून भिंग काढून घेतलं आणि साखळीवर धरलं. डावे दात आरशासारखे लखलखत होते. उजव्यांची कड गोल गुळगुळीत होऊन गेली होती. तिने मान वर केली आणि भराभर बोलत सुटली. धारदार दात लाकडात घुसतात, बोथट नुसते सरपटतात, मग पातं धारेच्या बाजूला खेचलं जाणारच, मशीन कुठलंही घ्या, माणूस कुठलाही घ्या, तिन्हींचे दात याच टेबलावर घासले जातात.

"टेबल ओढा," बाई म्हणाल्या.

चौघांनी मिळून टेबल भिंतीपासून ओढलं. मागे सात पेन्सिली सापडल्या, आणि मीटरवाले पलीकडे जाऊन उभे राहिले. पाच वर्षांत प्रथमच त्यांना आपल्या मशीनची उजवी बाजू नीट दिसली. त्यांना तिची मनापासून क्षमा मागताना भिंगरीने ऐकलं. मग त्यांनी तिकडचेही दात पाच-पाच वेळा, मोजून घासले.

पाचाला आठ मिनिटं असताना थोरलं सुरू झालं. भुसा उडाला, तुकडा सुटला. भिंगरीने मोजलं आणि पुन्हा मोजलं. अर्ध्या अंशाच्याही आत. तिने तो तुकडा उचलून ओसरीवर ठेवला आणि बाजूला झाली.

बाई स्टुलावर बसल्या. डावीकडे कलून पाहिलं, उजवीकडे कलून पाहिलं. मीटरवाल्यांनी श्वास धरला होता. तो कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. बाईंनी बसल्याबसल्याच फोन लावला.

"कुठवर आलास? परत जा. अरे, परत जा म्हणजे परत जा. आणि सोमवारी सकाळी तोच टेम्पो घेऊन ये, बारा स्टुलं बालवाडीत पोचवायचीत." मग नवऱ्याकडे न बघता त्यांनी सशाचा कान कापायला घेतला. "अकरा राहिली."

मीटरवाले थोरल्याकडे धावलेच. उजवे दात घासून धाकटं आपल्याला मिळेल का, असं भिंगरीने विचारलं तेव्हा ते म्हणाले की तीन वेगवेगळी मशिनं शेवटी उपयोगी पडली, हे तेवढं बाईंना ऐकू जाईल असं कुणीतरी बोला. भिंगरी ते मोठ्याने बोलली आणि जाळीची टोपी चढवली.

एवढ्यात भिंगराव ओसरीच्या पायरीवर उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला. प्रकरण सुटलं की समारोपाचं भाषण हा गुप्तहेराचा हक्क असतो, आणि भिंत हीच खरी गुन्हेगार असल्याचा आपल्याला पहिल्या क्षणापासून संशय होता, इथपर्यंत ते आलेही. त्याच वेळी मीटरवाल्यांनी दोरी ओढली आणि पाठोपाठ भिंगरीने कानांवर टोपणं लावली.

पुढचं भाषण अंदाजे वीस मिनिटं चाललं. भिंगरावांचे ओठ हलत होते, हात वर जात होते, मध्येच एक बोट आकाशाकडे रोखलं गेलं आणि बराच वेळ तिथेच राहिलं. भिंगरी प्रत्येक कापानंतर मान वर करून त्यांच्याकडे बघायची आणि अगदी मनापासून मान डोलवायची. दादाचं इतकं सुंदर भाषण तिने आजवर ऐकलं नव्हतं.