हाव्वा मावशीचं पातेलं

मोटरसायकलवरच्या लांबच्या प्रवासाचा बेत कसा आखावा, हे कुणाला शिकायचं असेल तर त्यानं सरळ माझ्याकडे यावं! तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरच्या रेल्वे कारखान्यात मी एकतीस वर्षं फिटर होतो. नटबोल्ट, वेळापत्रक आणि बायको, तिन्ही कशी हाताळायची ते मला बरोबर कळतं. (तिसरं पेरिहानच्या वाचनात आलं, तर ते मी लिहिलेलंच नाही!)

बेत साधा होता. माझी लाल मोटरसायकल, सुलतान तिचं नाव, काढायची आणि कास्तामोनूच्या डोंगरातल्या कावाकदेरे गावी जायचं. छत्तीस वर्षांपूर्वी, मी सव्वीस वर्षांचा सडाफटिंग असताना, याच सुलतानची साखळी त्या गावाखाली तुटली होती. हाव्वा मावशीनं मला घरात घेतलं. ना नात्याची ना गोत्याची, पण तीन दिवस बाईनं असं जेवू घातलं की माझी विजार घट्ट झाली! चौथ्या दिवशी निघताना तिनं तांब्याचं पातेलं भरून पोळ्या-मांस बांधून दिलं. मी गाडीवर बसून छाती ठोकली, "मावशी, पुढच्या वसंतात येतो! पातेलं भरून आणतो!"

आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मी तर परतच केलं नाही. लग्न झालं, पोरं झाली, पोरांना पोरं झाली आणि वसंत येतच राहिले. पातेल्यात पेरिहाननं सब्ज्याचं रोप लावलं. खिडकीतल्या त्या रोपाकडे नजर गेली की मी पडदा ओढून घ्यायचो. मावशी आता नव्वदी ओलांडून गेलेली असणार. ती आहे तोवर पातेलं पोचायला हवं, नाहीतर माझ्यासारखा दळभद्री मीच!

"मी कावाकदेरेला चाललो," मी जाहीर केलं.

"आधी चार वेळा गाडीवर चढ-उतर करून बघ," पेरिहान म्हणाली. "गुडघ्यांना विचारून घे."

"माझा बेत तयार आहे! दोन दिवस जायला, दोन यायला. एकटाच जाणार."

"आणि पातेल्यात काय घालून नेणार? माझी माती?"

हा मुद्दा माझ्या बेतात नव्हता. पण मी फिटर माणूस. म्हटलं, तू पाकातली मिठाई, बकलावा कर, मी कल्हई करून आणतो.

इथून घोडं पेंड खायला लागलं. कल्हईवाल्यानं माती खरवडली, बूड घासलं आणि बुडावर कोरलेलं नाव वर आलं. हे काही नवल नव्हे, लग्नाकार्यात भांडी एकमेकांत मिसळू नयेत म्हणून आमच्या बायका नाव कोरूनच घेतात. फक्त नाव हाव्वा नव्हतं. होतं झेलिहा!

पेरिहाननं पातेलं उलटं धरलं आणि चष्मा लावला.

"झेलिहा कोण?"

"मला काय ठाऊक!"

"तीन दिवस राहिलास ना तिथे?"

"मावशीकडे राहिलो! शेजारीणबिजारीण असेल कुणी!"

"अस्सं," पेरिहान म्हणाली. बायको 'अस्सं' म्हणते तेव्हा वाद संपलेला नसतो, वाद झोपलेला असतो.

खुलासा करायलाच हवा होता. तालुक्याच्या कचेरीतून मी गावच्या सरपंचाचा नंबर मिळवला. दुर्सुन त्याचं नाव. पातेल्याचा विषय मात्र फोनवर काढायचा नाही, असं मी पक्कं ठरवलं. छत्तीस वर्षं भांडं दाबून ठेवणारा तो मीच, हे अनोळखी माणसाला कोण सांगणार? लाज वाटते हो!

"हाव्वा मावशी आहेत का?" मी आधी विचारलं.

"आहे की! एक्क्याण्णव वर्षांची. काठी घेऊन अख्खं गाव पालथं घालते!"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मग मी हळूच विचारलं, "आणि झेलिहा नावाच्या कुणी?"

"मावशीच्या समोरच्या घरातली. ठणठणीत आहे. का हो?"

म्हणजे पातेलं शेजारणीचं! म्हणजे माफी आता दोन घरांची मागायची.

"एकट्याच असतात?"

"नवऱ्याला जाऊन दहा वर्षं झाली. दोन मुलगे आहेत. का?"

"मुलगेही लागतील. वडीलधारी मंडळीही बोलवा. मी रविवारी दुपारी येतो, काय ते सगळ्यांसमोर बोलतो."

पलीकडे सरपंचानं खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज आला.

"वय काय आपलं?"

"बासष्ट. पण अजून मोटरसायकल चालवतो!"

"आणि ओळख कुठली म्हणायची?"

"छत्तीस वर्षांपूर्वी तुमच्या गावात राहिलो होतो. तेव्हापासून मनात राहून गेलंय, सरपंच. आता एकदाचं मोकळं व्हायचंय."

"समजलो," दुर्सुन म्हणाला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला होता. किती समंजस माणूस, असं मला वाटलं!

दुसऱ्या दिवशी मी खाली सुलतानच्या पोटाखाली पडलेलो असताना पेरिहान खिडकीतून म्हणाली, "मी पण येतेय."

"गाडीवर? साडेचारशे किलोमीटर?"

"गाडीवर."

इतकंच नाही, तिनं माझा काळा सूट काढून इस्त्री केला. न्हाव्याकडे पिटाळलं. मिठाईचा मोठा डबा आणि लाल फुलांचा गुच्छ तिनंच आणायचं ठरवलं. "लोकांच्या दारात जायचं तर नीट जावं," म्हणाली. आणि हे सगळं हसऱ्या चेहऱ्यानं! संशय तेव्हाच यायला हवा होता. पण बेत इतका सुरळीत चालला होता की माझी मान गर्वानं ताठ झाली होती.

रविवारी दुपारी आम्ही कावाकदेरेत शिरलो. पुढे मी काळ्या सुटात, मागे पेरिहान, तिच्या मांडीवर कापडात बांधलेलं पातेलं, हातात फुलं. चौकात अख्खं गाव! म्हटलं, पातेल्याची बातमी नसताना एवढं स्वागत, म्हणजे माझी आठवण काढत होते की काय?

दुर्सुन पुढे आला. "या, नेज्मीसाहेब! आणि या तुमच्या थोरल्या ताई ना? फोनवर बोलणं झालं आमचं."

मी पेरिहानकडे पाहिलं. ती गोड हसली. "हो, मीच."

मी तोंड उघडणार तेवढ्यात दोन दांडग्या माणसांनी मला दोन्ही बाजूंनी धरून घरात नेलं. एकेकाची मिशी माझ्या सुलतानच्या हँडलाएवढी. हे झेलिहाबाईंचे मुलगे. आत वडीलधारी मंडळी भिंतीला टेकून बसलेली. दारात सरपंचाची बायको फिर्देव्स पोरीबाळींना मागे सारत सगळ्यात पुढे उभी.

"हाव्वा मावशी कुठे आहे?" मी विचारलं.

फिर्देव्स म्हणाली, "समोरच्या गच्चीवर बसलीय. ती या घराची पायरी चढत नाही. छत्तीस वर्षं झाली."

छत्तीस! हा आकडा तर माझ्याच हिशेबातला होता.

तेवढ्यात झेलिहाबाई कॉफीचा ट्रे घेऊन आल्या. अडुसष्टच्या, ताठ, नाकावर राग. कप माझ्यापुढे असा आपटला की बशी कण्हली. थोरला मुलगा विचारत होता, "स्वतःचे दात किती आहेत?"

"अठरा," मी म्हणालो आणि कॉफीचा घोट घेतला.

या अल्ला! मीठ! समुद्र आटवून कपात भरल्यासारखं मीठ! पण पाहुण्यानं यजमानाच्या घरी तोंड वाकडं करायचं नसतं. मी डोळे मिटले आणि एका दमात सगळी कॉफी घशाखाली ढकलली. वर "वा!" असंही म्हणालो.

"प्यायला!" एक म्हातारा ओरडला. टाळ्या पडल्या!

"तीन चमचे घातले होते!" झेलिहाबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या. "मेला पळून जाईल म्हणून घातले, तर हा प्यायला!"

आणि माझ्या टाळक्यात लख्ख उजेड पडला. आमच्याकडे मागणी घालायला आलेल्या नवरदेवाच्या कॉफीत मुलगी मीठ घालते. तोंड वाकडं न करता प्यायला, तर गडी पास! काळा सूट, फुलं, मिठाईचा डबा, रविवार, घरातली वडीलधारी आणि सोबत थोरली बहीण! मी झेलिहाबाईंना मागणी घालायला आलो होतो आणि पहिल्या फटक्यात पास झालो होतो!

"चला, मग बोलणी सुरू करू," दुर्सुन म्हणाला. "मुलाकडून कोण बोलणार?"

"मी," पेरिहान म्हणाली. "मुलगा घोरतो, एवढं आधीच सांगते."

"ही माझी बायको आहे!" मी किंचाळलो.

मग दोन्ही मिश्या एकदम उभ्या राहिल्या.

"बायकोला घेऊन मागणी घालायला आलास?" थोरला बाह्या सारत म्हणाला.

"हा गाडीखाली होता तेव्हा सरपंचांनी फोनवर मुलीच्या मुलग्यांची पसंती कळवली," पेरिहान शांतपणे म्हणाली. "मुलाकडचं कोण बोलतंय विचारलं, मी म्हटलं, थोरली बहीण. आता छत्तीस वर्षं नवऱ्याच्या मनात काय राहून गेलंय ते मला नको का बघायला?"

"पातेलं!" मी ओरडलो. "पातेलं राहून गेलंय!" आणि कापडाची गाठ सोडून पातेलं मध्यात ठेवलं.

झेलिहाबाईंनी ते उचललं आणि बुडावरचं नाव वाचायला डोक्यावर धरलं. बकलाव्याचा पाक त्यांच्या बाहीवरून कोपरापर्यंत ओघळला, त्यांचं लक्षही नव्हतं.

"माझ्या आंदणातलं," त्या म्हणाल्या. "आईनं दिलेलं." मग खिडकीकडे धावल्या आणि सगळ्या ताकदीनिशी हाक मारली, "हाव्वा! अगं हाव्वा! आलं बघ!"

फिर्देव्सनं तोंडावर हात ठेवला. छत्तीस वर्षांत त्या दोन घरांमधला हा पहिला शब्द होता. गोष्ट तिनंच मला कुजबुजत सांगितली. त्या दिवशी मावशीनं शेजारणीकडून मागून आणलेलं पातेलं मला दिलं होतं. झेलिहा म्हणाली, वाटेवरच्या पोराला कशी दिलीस माझ्या आईची वस्तू? मावशी म्हणाली, आणेल म्हणालाय ना, आणेल! झेलिहा म्हणाली, आणेल तेव्हाच माझ्याशी बोल. आणि मावशी माझ्या शब्दावर छत्तीस वर्षं अडून बसली होती!

काठीचा आवाज पायऱ्या चढत वर आला. हाव्वा मावशी दारात उभी राहिली. केवढीशी झाली होती! आधी पातेल्याकडे पाहिलं, मग झेलिहाबाईंकडे.

"म्हटलं होतं ना, आणेल म्हणून?"

"म्हटलं होतंस गं," झेलिहाबाई म्हणाल्या, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडायला लागल्या. मीही रडलो. माझ्यामुळे दोन शेजारणींची आयुष्यभराची बोलाचाल बंद होती आणि मी त्यात सब्जा लावून बसलो होतो!

मावशीनं डोळे पुसले, माझ्यापुढे आली आणि काठी नडगीवर हाणली. "पुढच्या वसंतात म्हणाला होतास, गाढवा!"

"चुकलं, मावशी."

"दुसरी पण मार," झेलिहाबाई म्हणाल्या. छत्तीस वर्षांनी दोघींचं पहिलं एकमत झालं, ते माझ्या दुसऱ्या नडगीवर!

आम्ही दोन दिवस राहिलो. मिश्यांनी सुलतान धुऊन दिली. निघताना मावशी धावपळ करत कुठून तरी एक झाकणाचं पातेलं घेऊन आली, त्यात गरम पोळ्या-मांस. "मावशी, नको!" मी म्हणालो. "घे रे! रिकाम्या हातानं जातात का कुठे?" दोघींनी एकाच घागरीतून आमच्या गाडीमागे पाणी ओतलं, आमची वाट पाण्यासारखी वाहती राहावी म्हणून. कॉलर ताठ करून मी वळण घेतलं. माझ्या बेतामुळे दोन घरं जुळली होती, आणखी काय पाहिजे?

घरी आल्यावर पेरिहाननं पातेलं घासलं, उलटं केलं आणि चष्मा लावला.

"नेज्मी," ती म्हणाली, "याच्यावर फिर्देव्स लिहिलंय."

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर नाव होतं, सरपंच दुर्सुन.

तर सुलतानची साखळी मी नवीन टाकलीय, पुढच्या वसंताचा बेत तयार आहे. अगदी पक्का! जुन्या बेतात दुरुस्ती अशी एकच: फोनवर पेरिहान बोलते, मी नाही.