दोनचा भोंगा

कृष्णोजी अण्णांकडे व्हिडिओ कॅमेरा होता आणि त्या कॅमेऱ्याने ते भोंग्यांचे चित्रण करीत. कारखान्यांच्या छपरांवरचे भोंगे, अग्निशामक केंद्रावरचा भोंगा, युद्धाच्या दिवसांत सरकारी इमारतींच्या गच्चीवर बसवलेले आणि पुढे तिथेच विसरले गेलेले भोंगे. माणसे, फुले, देवळे यांतले काहीही त्यांच्या चित्रफितींत नसे. पडद्यावर एक करडा कर्णा दिसे आणि त्यामागे रिकामे आकाश. मग तो कर्णा ओरडू लागे, ओरडत राही आणि हळूहळू विझे. त्यानंतरही कॅमेरा बराच वेळ चालू असे, आणि ते पाहताना उगाचच मागे वळून बघावेसे वाटे.

जयनगरात आमच्या समोरच्या घरात अण्णा आणि त्यांची थोरली विधवा बहीण तुळसाअक्का अशी दोघेच राहत. अण्णा जन्माचे ब्रह्मचारी. त्यांचे मराठी घराणे बंगळूरात कोणत्या पिढीत आले, हे त्यांनाही सांगता येत नसे. मी साताऱ्याहून बदली होऊन आलेला आहे हे कळल्यावर ते म्हणाले होते, "आमचे लोक घोड्यावरून आले, जोशी. बसमधून नाही." मी खरोखरच बसमधून आलो होतो.

कॅमेरा दुबईच्या पुतण्याने पाठवलेला. गल्लीला वाटले, आता लग्नकार्यांची सोय झाली. एका लग्नात अण्णांना मानाने बोलावलेही. अक्षता पडल्या तेव्हा त्यांचा कॅमेरा मांडवाच्या खांबाला बांधलेल्या लाउडस्पीकरकडे रोखलेला होता. मुलीच्या वडिलांनी जाब विचारला, तेव्हा अण्णा शांतपणे म्हणाले, "नवरानवरी उद्याही दिसतील. कर्णा भाड्याचा होता, संध्याकाळी गेला." त्यानंतर त्यांना कोणी बोलावले नाही आणि त्यांनाही सुटल्यासारखे वाटले. गल्लीबरोबर मीही हसलो, हे नमूद करणे मला भाग आहे.

रविवारी मात्र मी त्यांच्या कॅमेऱ्याची तिपाई वाहून नेत असे. चाचणीचा भोंगा कुठे वाजणार, याची बातमी त्यांना कशी लागे कोण जाणे. जाताना ते मला शिकवत.

"आधी वारा बघायचा. माइकला स्पंज लावायचा. भोंग्याच्या अगदी खाली उभं राहायचं नाही, कान जातात आणि चित्रात नुसता खांब येतो."

"आणि आवाज कमी आला तर?"

"स्वल्प ऐका. कॅमेरा फार शहाणा असतो. आवाज मोठा झाला की आपणहून तो बारीक करतो. म्हणून त्याला लांब ठेवायचं, घाबरवायचं नाही." जरा थांबून ते पुढे म्हणत, "वॉचमनशी ओळख भोंग्याआधी करायची. भोंग्यानंतरची ओळख पोलीस करून देतात."

सर्वांत मोठा नियम शेवटी येई. "शेपूट तोडायचं नाही." भोंगा थांबला असे आपल्याला वाटते, पण आतले चाक फिरतच असते. तो खोल जाणारा, घोगरा होत जाणारा आवाज म्हणजे शेपूट. ते संपले की नाही, याविषयी आमचे एकमत कधीच होत नसे. मी तिपाईला हात घातला की अण्णा बोट वर करीत. "सरी, सरी, बरोबर, पण शेपूट राहिलंय." मला काहीही ऐकू येत नसे. आम्ही दोघे रिकाम्या रस्त्यावर, रिकाम्या आकाशाकडे बघत उभे असायचो, आणि त्या शांततेत कोणीतरी लांबून हाक मारत आहे असा मला भास होई.

तीस जानेवारीला सकाळी अकरा वाजता भोंगा होतो आणि हुतात्म्यांसाठी माणसे दोन मिनिटे स्तब्ध राहतात. त्या दिवशी अण्णांनी बाजाराच्या रस्त्यावर कॅमेरा लावला होता. फुलवालीचा हात कोपरापर्यंत मोजलेल्या मोगऱ्याच्या गजऱ्यासह हवेत थांबला. रिक्षावाला अर्धा उतरलेला तसाच राहिला. एक कुत्रे तेवढे सगळ्यांच्या तोंडाकडे बघत रस्ता ओलांडून गेले. घरी चित्रफीत पाहताना मी स्वतःला शोधले. कडेला मीही उभा होतो, आणि आम्हा सर्वांना कोणीतरी तिथे ठेवून निघून गेले असावे, असे ते दृश्य होते. अण्णांचे दुःख वेगळे. "बिघडलं," ते म्हणाले. "माणसं आली."

पुढे मला कावीळ झाली. पत्नी शाळेत शिकवायला जाई आणि मी दिवसभर घरात एकटा पडून असे. एका दुपारी दोन वाजता भोंगा झाला. जे. पी. नगरच्या बाजूच्या कारखान्याचा, पहिली पाळी सुटल्याचा. तो खालून वर चढला, वर थांबला आणि सावकाश उतरला. मी उठून बसलो. तो कारखाना आदल्या वर्षीच बंद पडला होता. फाटकाला कुलूप होते, आवारात गवत वाढलेले होते. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वाजला. पत्नीला सांगितले, तेव्हा तिने माझ्या कपाळाला हात लावला आणि संध्याकाळी डॉक्टरांना हळू आवाजात विचारले, "कावीळ डोक्यात चढते का हो?"

अशक्तपणा कमी झाल्यावर मी दोनच्या सुमारास रस्ता ओलांडला. अण्णांचे दार नुसते लोटलेले होते. आत पडदे ओढलेले. अंधारात टीव्हीवर करडा कर्णा ओरडत होता, आणि स्वयंपाकघराच्या दारात तुळसाअक्का मान तिरकी करून ऐकत उभ्या होत्या. शेपूट संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग स्वतःशीच म्हणाल्या, "सुटली पाळी," आणि भात टाकायला वळल्या.

अण्णांनी मला बाहेरच्या कट्ट्यावर नेले.

"भावजी त्या कारखान्यात होते," ते म्हणाले. "ते गेले तेव्हा भोंगा होता, म्हणून चाललं. भोंगा झाला की ही भात टाकायची, ताट वाढून झाकायची, वाट बघायची, मग स्वतः जेवायची. अलीकडचं तिच्या डोक्यात राहत नाही. ते गेलेत हेही राहत नाही. कारखाना बंद पडला आणि हिनं जेवण सोडलं. म्हणते, पाळी सुटल्याशिवाय कशी जेवू?"

"नुसता आवाज ऐकवला तर?"

"टेपरेकॉर्डरवर ऐकवला की. म्हणाली, हा खोलीतला आहे, बाहेरचा नाही. आकाश दिसायला पाहिजे तिला. मग सगळं गाव फिरलो. कुणाचा चढ खरखरीत, कुणाचं शेपूट आखूड. अर्ध्यात तुटलं की ओळखते आणि चूल विझवते. शेवटी होसकोटेला एका कारखान्यात अगदी तसाच सापडला."

मी मान खाली घातली. गल्लीत जो हशा पिकला होता, त्यातला माझा वाटा मला आठवत होता.

काही दिवसांनी अण्णाच आमच्याकडे आले. ते कधी खुर्चीवर बसत नसत, त्या दिवशी बसले.

"नवीन काढलंय तिनं. म्हणते, भोंगा होतो पण बाहेर कुणी येत नाही. परवापासून नुसत्या ताकावर आहे." त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिले, जसे खांबाकडे पाहत. "तुमची उंची बरोबर तेवढीच आहे."

"कुणाएवढी?"

"भावजींएवढी."

त्या रात्री मी स्वतःला पुष्कळ प्रश्न विचारले. एका वृद्धेच्या आठवणीत दुसऱ्याच्या चालीने शिरणे हे सौजन्य की फसवणूक, याचा निर्णय मला करता आला नाही. पण ताकावर माणूस किती काढणार, या प्रश्नापुढे माझे प्रश्न फार सुग्रास वाटले. मी रजा टाकली.

होसकोटेच्या वॉचमनशी अण्णांची भोंग्याआधीची ओळख होतीच. त्यांनी माझ्या हातात डबा आणि सायकल दिली. "तोंड दिसता कामा नये. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही."

"मग दाखवू काय?"

"चाल दाखवा. दमलेल्याची."

मी फाटकाच्या आत पाळी सुटण्याची वाट बघत उभा राहिलो. डोक्यावर भोंगा सुरू झाला तेव्हा सायकलचा दांडा हातात थरथरू लागला. फाटक उघडले आणि कामगारांच्या लोंढ्यातून मी बाहेर पडलो. शेजारून चालणाऱ्या एकाने कन्नडमध्ये विचारले, नवीन का. मी मान हलवून हो म्हटले. का म्हटले, ते आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दोनला मी त्यांच्या अंधाऱ्या खोलीत बसलो होतो. पडद्यावर कर्णा ओरडून विझत आला आणि लांबवरच्या फाटकातून माणसे बाहेर पडली. त्यांतला एक सायकल हातात धरून चालत होता. तो मी आहे हे मला ठाऊक होते, तरी तो जवळ येतो का, ते बघायला मी पुढे झुकलो.

"हे निघाले बघ," अक्का म्हणाल्या. जरा निरखून पाहिले. "सावकाश चाललेत. पायाचं दुखणं वाढलंय वाटतं." मग त्यांचे लक्ष माझ्याकडे गेले आणि धाकट्या भावाला मारावी तशी त्यांनी कन्नडमध्ये हाक मारली. "तम्मा, तू बस. यांना यायला वेळ लागतो, वाटेत गप्पा मारतात."

त्यांनी भात टाकला. एक ताट वाढून झाकले. वाट पाहिली, आणि मग दुसरे ताट घेऊन स्वतः जेवायला बसल्या. अण्णांनी टीव्हीकडे एकदाही पाहिले नव्हते. ते बहिणीच्या हाताकडे, ताटातून तोंडाकडे जाणाऱ्या घासाकडे पाहत होते. शेवटचा घास झाल्यावर त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणले. "वारा पडला होता काल," ते म्हणाले. "म्हणून जमलं."

ती चित्रफीत रोज लागू लागली. दोनच्या सुमारास कचेरीत फायली बघताना मला मध्येच वाटे की आपण या क्षणी कुठल्या तरी फाटकातून बाहेर पडत आहोत आणि कोणीतरी आपले ताट झाकून ठेवले आहे. संध्याकाळी मी लवकर घरी जाऊ लागलो.

डिसेंबरात बंगळूरची थंडी पडली, तसे अण्णा पुन्हा आले. या वेळी त्यांच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी होते.

"काल विचारत होती, एवढ्या थंडीत यांनी स्वेटर का घातला नाही. रागावलीय. अर्धं जेवून उठली."

आम्ही होसकोटेला गेलो. कारखान्याच्या भिंतीआड अण्णांनी कागद सोडला. मरून रंगाचा, हाताने विणलेला स्वेटर होता. त्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता आणि त्याखाली यंत्राच्या तेलाचा. मी तो अंगात घातला. बाह्या माझ्या मनगटांपाशी बरोबर संपल्या.

अण्णा काही वेळ नुसते पाहत राहिले. वारा बघायचे, माइकला स्पंज लावायचे, सगळे त्यांच्याकडून राहून गेले. पुढे होऊन त्यांनी माझ्या गळ्याशी स्वेटर सारखा केला, खांद्यावरचा एक धागा टिपला आणि पूर्वी कधी न ऐकलेल्या, धाकट्या भावाच्या आवाजात म्हणाले, "या भावजी. फार दिवस लावलेत."