दोनशे जिताडे आणि सहाचं पाणी

समुद्राचा मासा नाशिकरोडला, तोही दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत आणायची अवदसा शेखरला आठवली ती सासऱ्यांमुळे. विंचूरला पुंजाबाबांचं गोड्या पाण्याचं शेततळं पडून होतं. तिथं खाडीतला जिताडा वाढवू, असं शेखर भर पंगतीत बोलून बसला. पुंजाबाबांनी हातातला घास ताटात ठेवला.

"जगला तर तळं तुमचं, जावईबापू. नाय जगला तर परत आमच्या शेतीत डोकं घालायचं नाय."

पालघरकडच्या मत्स्यबीज विकणाऱ्या धम्मपालनं बोटाएवढी दोनशे पिल्लं खाऱ्या पाण्यात पाठवली, सोबत ताकीदही. रोज बाल्कनीतल्या टाकीतलं दोन बादल्या पाणी काढायचं आणि तेवढंच गोडं घालायचं. आठवड्यात पिल्लं सरावतात, घाई केली की गेली. झालं, शेखरच्या पायाला भिंगरी लागली. ऑफिसातून दिवसाला सात फोन. पिल्लं हलतायत का, वर तोंड काढतायत का. तापानं फणफणलेल्या पोराचीही त्यानं कधी एवढी चौकशी केली नव्हती, हे ज्योत्स्नानं बायको म्हणून ऐकवलंच.

तिसऱ्या दिवशी त्यानं पाण्यात खारेपणाचा मीटर बुडवला. आठवड्यानं व्हायचं तेवढं गोडं पाणी आजच झालं होतं.

घरात चौकशी बसली. आई कुसाबाई म्हणाल्या, नळ सहाला येतो, म्हणून दोन बादल्या मीच बदलते. ज्योत्स्ना म्हणाली, नळ जायच्या आत मीही बदलते. आणि कुणाचा भरवसा नको म्हणून आंघोळीआधी शेखर स्वतः. नळ आहे तोवर भरून घ्यायचं, हे या कॉलनीचं बाळकडूच. एकमेकांना विचारायला वेळ कुणाला?

शेखर धावत जाऊन दहा किलो जाडं मीठ घेऊन आला. पिशवी फोडणार, तोच कुसाबाईंनी हात धरला.

"अरे, गोड्यात रमलीत ती. आता काय लोणचं घालतो त्यांचं?"

धम्मपालला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, पोहतायत ना, मग हात लावू नका. खाडीत पावसाळ्यात असंच होतं, जिताडा चिवट असतो. शेखरला इतकं हायसं वाटलं की त्यानं आईच्या पायाला हात लावला.

रविवारी पुंजाबाबा पिंप घेऊन आले. पिल्लं चांगली टुणटुणीत होती. जाळीनं मोजून पिंपात टाकली, तर भरली एकशे अठरा. मेलेलं एकही नाही, टाकलेलं एकही नाही. पुन्हा फोन.

"आकारानं वेगळी केली नव्हती का? मोठी लहानांना गिळतात हो," धम्मपाल म्हणाला.

फोन स्पीकरवर होता. पुंजाबाबांनी पिंपात वाकून पाहिलं.

"पाणी सोसलं की यांनी. भाऊबंदकी नाय सोसली," ते म्हणाले. "चला, आमच्या गावात शोभतील. तळं तुमचं."